२२ हॉर्नेटची नळी के-हॉर्नेट करायची का, आणि करायची तर कशी

तुझा प्रश्न दोनदा वाचला. शेजारच्या आजोबांकडून रीतसर कागद करून ब्रनो ४६५ रायफल घेतलीस, २२ हॉर्नेट काडतुसाची, बाहेरून अगदी नीट ठेवलेली, आणि रेंजवर कुणीतरी सांगितलं की हिला के-हॉर्नेट, म्हणजे त्याच काडतुसाच्या रुंद केलेल्या प्रकाराची, करून टाक, रीमर, म्हणजे भोक रुंद करायचं हत्यार, हाताने फिरवला की झालं, अर्ध्या तासाचं काम, गोळीचा स्पीड सेकंदाला तीनशे फुटांनी वाढेल. आता तू विचारतोयस की खरंच इतकं सोपं आहे का, घरच्या लेथवर जमेल का, आणि मुळात करावं का. उत्तर जरा लांब होईल, कारण त्या माणसाने सांगितलेलं निम्मं खरं आहे आणि उरलेल्या निम्म्यातच नळ्या वाया जातात.

माझं सांगायचं तर पिंपरीच्या टूलरूममध्ये नऊ वर्षं काढली, मग इकडे पेनसिल्व्हेनियात आलो, दिवसा मशीन शॉप आणि गेली पंधरा वर्षं संध्याकाळी एका लायसन्सवाल्या गनस्मिथच्या दुकानात चेंबरिंगचं, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसायची जागा कापायचं, काम. हॉर्नेटच्या तीसेक नळ्या तरी हाताखालून गेल्यात.

आणि एक गोष्ट सुरुवातीलाच, कारण हे तिकडे गावीही कुणी वाचेल. भारतात हे घरी करायचं काम नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात बनवणं, विकणं याच्या बरोबरीने दुरुस्ती आणि रूपांतर यालाही परवाना लागतो, त्यामुळे गावाकडे कुणाच्या घरी जुनी ब्रनो असेल तर तिला रीमर लावायचा विचारही करू नये. आणि ती बहुतेक वेगळी ब्रनो असते, २२ लाँग रायफलवाली, रिमफायर (पेटवायचा मसाला बुडाच्या कड्यात), म्हणजे आपला कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२४ ला पॅरिसमध्ये ज्या जातीच्या काडतुसावर ब्राँझ घेऊन आला ती जात. हॉर्नेट सेंटरफायर आहे, मसाला बुडाच्या मधोमध, नळीचा व्यास साधारण तोच पण प्रेशर आणि पुंगळी, म्हणजे काडतुसाचं पितळी कवच, पूर्ण वेगळी. इकडे अमेरिकेत स्वतःच्या रायफलीचं चेंबर बदलायला फेडरल कायद्याची आडकाठी नाही, पण दुसऱ्याचं काम धंदा म्हणून घ्यायचं तर लायसन्स लागतं, आणि तुझ्या राज्याचे नियम तू बघ.

आता मूळ गोष्ट. २२ हॉर्नेट हे काडतूस जुन्या २२ विंचेस्टर सेंटर फायरवरून आलं, ते १८८५ चं, काळ्या दारूचं. १९२० च्या दशकात स्प्रिंगफील्ड आर्मरीतले वॉटकिन्स आणि व्हेलन वगैरे मंडळींनी त्याच पुंगळीत आधुनिक दारू आणि जॅकेटवाली हलकी गोळी घालून बघितली, चाललं, आणि १९३० मध्ये विंचेस्टरने काडतूस बाजारात आणलं, म्हणजे कारखान्याची रायफल यायच्या आधी काडतूस आलं. पण पुंगळी राहिली तीच जुनी. लांबुळकी, मागून पुढे निमुळती, आणि खांदा जवळजवळ नाहीच, ५ अंश ३८ मिनिटं म्हणजे हातात धरून बघितलं तरी खांदा कुठे सुरू झाला ते नीट कळत नाही. त्यात पत्रा पातळ. अशी पुंगळी झाडली की पितळ पुढे वाहतं, मानेकडे लांबी वाढते आणि बुडाजवळ पातळ पडत जाते. चार-पाच वेळा नवी दारू आणि गोळी भरून वापरलीस की बुडाच्या जरा वर एक चकचकीत रेघ दिसायला लागते आणि मग एक दिवस ती तिथेच तुटते.

न्यूयॉर्क राज्यातल्या व्हाइट्सबरोचा गनस्मिथ लायल किलबोर्न, त्याने १९४० च्या सुमारास या पुंगळीचं अंग सरळ केलं आणि खांदा ३५ अंशांच्या आसपास उभा केला. के म्हणजे किलबोर्नचा के. करायचं काय, तर हॉर्नेटच्या चेंबरमध्ये त्याचा रीमर घालायचा, पुढचा भाग थोडा रुंद होतो, मग त्या चेंबरमध्ये साधं कारखान्याचं हॉर्नेट काडतूस झाडलं की पुंगळी फुगून चेंबरचा आकार घेते आणि बाहेर येते ती के-हॉर्नेट. याला फायरफॉर्मिंग म्हणतात. म्हणजे के-हॉर्नेटच्या रायफलीत साधी हॉर्नेटची काडतुसं चालतात, हे याचं सगळ्यात मोठं सुख, दुकानातून डबा घेतलास तरी अडत नाही.

स्पीडबद्दल स्पष्ट सांगतो. पुंगळीत जागा वाढते ती एक-दीड ग्रेन पाण्याच्या मापाची (ग्रेन हे वजनाचं माप, साधारण ०.०६५ ग्रॅम). कारखान्याचं हॉर्नेट ४५ ग्रेनच्या गोळीला २७०० फुटांच्या आसपास देतं, के-हॉर्नेट नीट भरलं तर दीडशे-दोनशे फूट वर मिळतात, त्या माणसाचे तीनशे मी तरी क्रोनोग्राफवर, म्हणजे वेग मोजायच्या यंत्रावर, सेफ लोडने बघितलेले नाहीत. आणि नुसता वेग पाहिजे असेल तर १९५० ला आलेलं २२२ रेमिंग्टन ५० ग्रेनच्या गोळीला ३१०० च्या वर सहज नेतं, त्यासाठी कुठलंही कातकाम नको, रायफल विकत घ्यायची आणि मारायची. तेव्हा के-हॉर्नेट करायचं ते पितळासाठी. उभा खांदा आणि सरळ अंग यामुळे पितळ पुढे वाहायचं बरंच थांबतं, ट्रिमिंग जवळजवळ बंद होतं, माझ्याकडे एकाच डब्यातल्या पुंगळ्या बारा-तेरा वेळा भरलेल्या आहेत आणि अजून बुडाजवळ रेघ नाही. हॉर्नेटचं पितळ आजकाल वर्षातून सहा महिने दुकानात दिसत नाही, त्यामुळे हा फायदा लहान समजू नकोस.

आणि करू नये कधी, तर नळी मूळची आणि रायफल संग्राहकांची असेल तेव्हा. विंचेस्टर मॉडेल ५४ किंवा १९६४ च्या आधीचं मॉडेल ७०, हॉर्नेटमधलं, त्याला रीमर लावणं म्हणजे त्याची अर्धी किंमत चिपमध्ये काढून फेकणं. दोघांना मी परत पाठवलंय, नाही करणार म्हणून. कातलेलं धातू परत येत नाही. तुझी ४६५ देखणी आहे पण ती वापरायची रायफल आहे, शेतावर ग्राऊंडहॉग, ते बिळात राहणारे प्राणी, मारायला नेणार आहेस, तर त्याबाबत माझी हरकत नाही.

आता करायच्या आधी मोजमाप, आणि इथेच जास्त वेळ घालव.

पहिलं, नळीचा आतला व्यास. सुरुवातीच्या हॉर्नेट नळ्या ०.२२३ इंचाच्या असायच्या, नंतर ०.२२४ झालं, जुन्या युरोपियन नळ्यांमध्ये दोन्ही सापडतात. मऊ शिशाची गोळी तेल लावून चेंबरच्या बाजूने घाल, पितळी किंवा लाकडी दांड्याने हळूहळू पुढे ढकल आणि बाहेर आलेली गोळी मायक्रोमीटरने मोज. ढकलताना हाताला जे कळतं तेही लक्षात ठेव, मध्येच एकदम सैल पडली तर तिथे नळी फुगलेली आहे आणि मग बाकी सगळं करण्यात अर्थच नाही. ०.२२३ निघाली तर घाबरू नकोस, गोळ्या त्या मापाच्या घे, पण ते आधी कळलं पाहिजे.

दुसरं, नळीच्या आत बघ. फोनला लावायचे स्वस्त बोअरस्कोप मिळतात आता, आम्ही पूर्वी दिव्यासमोर धरून अंदाज करायचो. चेंबरच्या लगेच पुढे जिथे रायफलिंग, म्हणजे नळीतल्या पिळाच्या खाचा, सुरू होतं तिथे वाळलेल्या तळ्यासारख्या भेगा दिसल्या तर लक्षात घे की के-हॉर्नेटचा रीमर तो भाग सुधारत नाही. बुडाचा आधार जागचा हलत नसल्याने रीमर पुढे जातच नाही, तो फक्त अंग आणि खांदा रुंद करतो. लोकांना वाटतं की नवीन चेंबर म्हणजे नळी नवीन झाली, तसं नाही. सुदैवाने हॉर्नेट हे थंड काडतूस, घसा, म्हणजे चेंबरच्या पुढचा तोच भाग, लवकर जळत नाही, जास्त करून गंज सापडतो, जुन्या काळच्या प्रायमरच्या क्षारांचा.

तिसरं, चेंबरचा कास्ट. सेरोसेफ नावाचा मिश्रधातू मिळतो, साधारण ७० ते ९० डिग्री सेल्सियसमध्ये वितळतो, म्हणजे चहाच्या पातेल्यातल्या पाण्यावर सुद्धा. घशाच्या पुढे नळीत कापडाचा बोळा बसव, चेंबर स्वच्छ आणि कोरडं कर, ओत, आणि गोठलं की मागून दांड्याने काढ, फार वेळ आत ठेवू नकोस. हा धातू पहिल्या अर्ध्या तासात आकसतो आणि मग फुगायला लागतो, एका तासाच्या आसपास चेंबरच्या मापाला येतो, तेव्हा मोजायचं. दुसऱ्या दिवशी मोजलंस तर आकडा मोठा येईल. बुडाजवळचा व्यास दोन दिशांनी मोज, उभा आणि आडवा. दोन्हींत एक थाऊपेक्षा जास्त फरक आला, थाऊ म्हणजे हजारांश इंच, तर जुनं चेंबर अंडाकृती आहे. आणि बुडाजवळ ते रीमरच्या बुडापेक्षा मोठं निघालं तर रीमर तिथे काही कापणारच नाही, मोठं ते मोठंच राहणार.

आता रिम, आणि या सगळ्या कामाचा जीव इथे आहे, इथे जरा सावकाश वाच.

हॉर्नेटची पुंगळी रिमवाली, बुडाला बाहेर आलेली कडा आहे, ०.०६५ इंच जाड. काडतूस चेंबरमध्ये गेलं की ती कडा अडते आणि त्यामुळेच ते जागेवर राहतं, हेडस्पेस म्हणतात ते या कड्यावर ठरतं, खांद्यावर नाही. म्हणूनच त्या माणसाचं बोलणं निम्मं खरं आहे. खांद्याला आधाराचं काम नसल्याने तू खांदा कुठेही हलवलास तरी काडतूस मागे-पुढे होत नाही, नळी काढून आखूड करायची गरज पडत नाही, रीमर आत गेला की काम झालं. पण तो रीमर जर कड्याची खाचही कापणारा असेल, आणि बरेचसे असतात, आणि तू आणखी दोन थाऊ आत गेलास, तर जी गोष्ट चांगली होती तीच बिघडवलीस. कड्याची बैठक खोल गेली, बोल्ट, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा दांडा, आणि काडतुसाचं बूड यांच्यात फट पडली, आणि आता प्रत्येक बारात पुंगळी मागे ताणली जाणार. पितळ वाचवायला केलेलं काम पितळ तोडायला लागतं.

माझी दुसरीच नळी अशी गेली. रीमर छान धारदार होता, हाताने फिरवत होतो, खांदा पूर्ण झाला असं वाटलं, पण आत एक बारीक रेघ दिसली म्हणून ती घालवायला आणखी अर्धा फेरा दिला. अर्धाच. नंतर डेप्थ मायक्रोमीटर लावला तर बैठक ०.०७२ वर गेली होती. तिसऱ्या भरणीला तीन पुंगळ्या बुडाशी तुटल्या, एक अर्धी चेंबरमध्ये अडकून राहिली. मग नळी काढली, मागचं टोक एका पूर्ण आट्याएवढं कापून ती मागे घेतली आणि परत चेंबर कापलं, दोन शनिवार गेले.

म्हणून आधी बोल्ट काढ आणि नळीचं मागचं तोंड बघ. कड्याची खाच नळीत आहे का, की नळीचं तोंड सपाट आहे आणि कडा बोल्टच्या तोंडात बसते. रायफलीप्रमाणे बदलतं हे. तोंड सपाट असेल तर खाच कापणारा रीमर मागवायचाच नाही, नाहीतर सपाट तोंडावर नवीन खड्डा पडेल. खाच नळीत असेल तर त्या खाचेच्या तळाला लेआऊटची निळी शाई लाव, एकदम पातळ, सुकू दे. शेवटच्या काही थाऊंत प्रत्येक वेळी रीमर काढला की टॉर्चने त्या निळ्या गोलाकडे बघायचं. जोवर निळं अख्खं आहे तोवर रीमर तिथे पोचलेला नाही. ज्या क्षणी निळ्यावर केसाएवढी चमकती रेघ उठते, एका बाजूला जरी, तिथे थांबायचं. पूर्ण गोल चमकायची वाट बघायची नाही.

रीमर घेताना ड्रॉइंग मागून घे. पॅसिफिक टूल, क्लायमर, जेजीएस, मॅन्सन, सगळे चांगले दळतात, पण के-हॉर्नेट हे वाइल्डकॅट आहे, याचं कुठल्या संस्थेने ठरवलेलं एकच माप नाही, कुणाचा खांदा ३५ अंश कुणाचा ४०, मानेचा व्यासही वेगळा. पुंगळी परत मापात आणायच्या तुझ्या डाय कुठल्या आहेत त्याला जुळणारा घे, नाहीतर चेंबर एक मागतं आणि साइझिंग डाय दुसरंच करते. भरलेल्या काडतुसाची मान मोज आणि चेंबरच्या मानेत दोन-तीन थाऊ मोकळं राहील असं बघ. एका नळीसाठी विकत घ्यायची गरज नाही, भाड्याने मिळतो, पण भाड्याचा आला की भिंगाखाली धार तपास, आधीच्या माणसाने एखाद्या दाताचा टवका उडवलेला असेल तर तुझ्या चेंबरमध्ये गोल ओरखडा येणार. आणि पुढचा पायलट, म्हणजे रीमरच्या नाकावरचा, नळीत सरकून त्याला सरळ धरणारा भाग, बदलता येणारा असेल असाच घे. पायलट नळीत अर्धा थाऊ सैल, त्याहून जास्त नको, घट्ट तर अजिबात नको.

लेथ की हात? तुझ्याकडे छोटी लेथ आहे म्हणतोस, स्पिंडलच्या भोकातून नळी आरपार जाते का आणि चारजॉ चक आहे का, यावर ठरव. पिंपरीत आमचे फोरमन म्हणायचे जॉब धरण्यातच निम्मं काम, आणि ते इथे शब्दशः लागू आहे. नळीला डायल मारायचा, म्हणजे डायल गेज लावून ती सेंटरवर फिरते का बघायचं, तो आतल्या बोअरवर, बाहेरच्या अंगावर नाही, कारण बाहेरचं अंग आणि आतलं भोक एका सेंटरवर असतातच असं नाही, जुन्या नळ्यांत तर पाच-दहा थाऊ फरक मी बघितलाय. पण इथे एक गुंता आहे जो नव्या चेंबरला नसतो. तुझ्या नळीत आधीच चेंबर आहे. बोअरला डायल शून्य आला आणि जुनं चेंबर दोन थाऊ वाकडं असेल, तर रीमरचं बूड जुन्या चेंबरच्या भिंतीला घासणार आणि नाक पायलटच्या मागे जाणार, दोघांची ओढाताण, आणि रीमर घट्ट धरलेला असेल तर चेंबर मागे अंडाकृती होणार. म्हणून रिचेंबरिंगला रीमर धरायचा तो तरंगत्या होल्डरमध्ये, फ्लोटिंग म्हणतात तो, जो किंचित हलू देतो आणि रीमरला आपला रस्ता शोधू देतो. जुन्या चेंबरवर आणि बोअरवर दोन्हीकडे डायल मारून बघ, फरक दीड थाऊच्या आत असेल तर खुशाल पुढे जा. त्याहून जास्त असेल तर नुसता रीमर फिरवून भागणार नाही, नळी मागे घेऊन नव्याने चेंबर कापावं लागेल, आणि ते पहिल्यांदा करणाऱ्याने करू नये असं माझं मत आहे.

हाताने करायचं तर तेही चालतं, खरंच चालतं, कारण कापायचं धातू फार थोडं आहे आणि पुढून पायलट, मागून जुनं चेंबर, दोघं रीमरला सरळ धरतात. नळी उभी व्हाइसमध्ये, मऊ जबड्यांत, चेंबर वर, टी हँडल, आणि हाताचा दाब सरळ खाली, एका बाजूला ओढ नाही.

कापताना तेल भरपूर, गंधकवालं कटिंग ऑइल. लेथवर असशील तर ६०-७० आरपीएम, त्याच्या वर नको. आणि प्रत्येक वीस-पंचवीस थाऊला रीमर बाहेर, ब्रशने दात साफ, चेंबर साफ, परत तेल, परत आत. कंटाळा येतो, मान्य आहे, पण चिप दातांत अडकली की तीच भिंत खरवडते. रीमर कधीच उलटा फिरवायचा नाही, बाहेर काढतानाही सुलट फिरवतच काढायचा, उलट फिरवला की धार मरते. सुरुवातीला रीमर काही कापतच नाही असं वाटेल, मग अंगाच्या पुढच्या भागात बारीक भुशासारखी चिप यायला लागेल, आणि खांदा धरला की हाताला जडपणा जाणवतो, चिप लांब आणि कुरळी होते. तो बदल हाताला कळला की निळ्या शाईकडे बघायला सुरुवात कर. हँडलला थरथर जाणवली तर तिथेच थांब, ते चॅटर, दाब थोडा वाढवून आणि वेग कमी करून जातं, न गेल्यास रीमरभोवती तेलाचा कागद एक पदर गुंडाळून फिरव, जुना उपाय आहे पण लागू पडतो.

झालं की पॉलिश अगदी थोडं, ३२० नंबरचा कागद दांडीच्या खाचेत अडकवून पंधरा-वीस सेकंद, आरशासारखं चकचकीत करायचं नाही. पुंगळीने झाडताना भिंत धरली पाहिजे, फार गुळगुळीत चेंबरमध्ये सगळा धक्का बोल्टवर येतो. आणि खाचेची कडा, चेंबरचं तोंड, तिथली बारीक धार मोडून टाक, नाहीतर प्रत्येक पुंगळीवर ओरखडा.

मग परत मोज. हेडस्पेसचा गो गेज ०.०६५ चा, त्यावर बोल्ट अलगद बंद झाला पाहिजे, एक्स्ट्रॅक्टर आणि स्प्रिंग काढून, एका बोटाने. त्याहून जाड नो-गो गेजवर बंद होता कामा नये. पण हा गेज फक्त कडा बघतो, खांदा कुठे आहे ते त्याला कळत नाही, म्हणून दुसरा सेरोसेफ कास्ट काढ आणि पहिल्याशेजारी ठेव. फार समाधान मिळतं ते दोन कास्ट शेजारी बघून, एक गाजरासारखा आणि एक बाटलीसारखा.

एक इशारा, कारण हे वाचून कुणीतरी हाच हिशेब २२३ ला लावेल. २२३ रेमिंग्टन, २२-२५०, ही बिनरिमची काडतुसं, त्यांचं हेडस्पेस खांद्यावर ठरतं. गनस्मिथ पी. ओ. अॅक्लीची जी इम्प्रूव्हड, म्हणजे अशीच रुंद केलेली, काडतुसं आहेत, ४० अंशांच्या खांद्याची, ती करताना जुन्या चेंबरमध्ये नुसता रीमर फिरवला तर काडतुसाला अडायला काही उरतच नाही. तिथे नळी मागे घ्यावीच लागते आणि चेंबर मूळच्या गेजपेक्षा चार थाऊ आखूड कापायचं, म्हणजे कारखान्याचं काडतूस मान आणि खांद्याच्या सांध्यावर किंचित दाबून बसतं आणि फायरफॉर्म होताना मागे ताणलं जात नाही. आटे १६ टीपीआय, म्हणजे इंचाला सोळा, असतील तर एक पूर्ण फेरा म्हणजे साडेबासष्ट थाऊ, आणि पूर्ण फेराच घ्यायचा, म्हणजे साइट परत वरच्या बाजूला येतात. हॉर्नेटला जे सोपं आहे ते फक्त त्या कड्यामुळे.

पहिले बार कारखान्याच्या काडतुसाचे, नवीन आणि चांगल्या कंपनीच्या. रायफल वाळूच्या पिशव्यांत बांधून, दोरीने लांबून ट्रिगर ओढ, पहिले दोन तरी, मी अजूनही असंच करतो. प्रत्येक पुंगळी निघाली की खांद्याची कड बघ, टोकदार आणि चारी बाजूंनी सारखी हवी. बुडाच्या वर आतून वाकवलेल्या पेपरक्लिपचं टोक फिरव, खाच लागली तर हेडस्पेस बघ, पुढे जाऊ नकोस. फायरफॉर्म करताना लांबी थोडी कमी होते, ते नॉर्मल आहे, सगळ्या पुंगळ्या एका लांबीला ट्रिम करून घे, बहुतेक परत करावं लागणार नाही. काही माना फाटतील, शंभरात दोन-चार, जुन्या पितळात जास्त.

भरताना के-हॉर्नेटचे वेगळे आकडे असतात ते दारूच्या कंपनीच्या चालू तक्त्यातून घे, कुणा दोस्ताच्या वहीतून नाही, आणि सगळ्यात खालच्या आकड्यापासून सुरुवात कर. लिलगन नावाची दारू हॉर्नेटच्या पुंगळीत फार छान चालते, माझा कल तिच्याकडे. इतक्या छोट्या पुंगळीत अर्ध्या ग्रेनचा फरक मोठा असतो, मोठ्या काडतुसाची सवय इथे आणायची नाही. आणि कुणी सांगेल की सरळ अंगाची पुंगळी भिंत धरते, बोल्टवर धक्का कमी येतो, म्हणून जास्त भरलं तरी चालतं. भिंत धरते हे खरं, पण प्रेशर तेवढंच असतं, ते फक्त तुला दिसत नाही, आणि हॉर्नेटचं पितळ पातळ आहे, तुझी अॅक्शन ५०-६० वर्षांची. ट्विस्ट, म्हणजे नळीतल्या खाचांचा पीळ, बहुतेक १६ इंचात एक फेरा निघेल, ३५ ते ४५ ग्रेनच्या गोळ्या स्थिर होतील, ५५ च्या मागे लागू नकोस. मॅगझिनमध्ये टोकदार लांब गोळी बसत नाही, ते आधी डमी काडतूस करून बघ.

आणि नळीवर शिक्का. हे काम झाल्याशिवाय रायफल दुकानातून बाहेर जाऊ देत नाही मी. जुन्या खुणेच्या शेजारी, स्वच्छ अक्षरात, २२ के-हॉर्नेट. तुझ्यानंतर ती रायफल कुणाकडे जाईल, तो साध्या हॉर्नेटच्या डायमध्ये या पुंगळ्या घालेल आणि त्याला कळणारच नाही की का चुरगळतायत.

तर आत्ता रीमर मागवू नकोस. या शनिवारी शिशाची गोळी ढकल, कास्ट काढ, बोल्ट काढून नळीच्या मागच्या तोंडाचा जवळून फोटो घे. गोळीचा व्यास, कास्टचे बुडाजवळचे दोन आकडे, आणि खाच असेल तर तिची खोली, एवढं पाठव. खाच ०.०६८ च्या वर आधीच गेलेली असेल तर रीमरच्या आधी आपल्याला नळी मागे घ्यायचं बोलावं लागेल, आणि मग तू ती घेऊन इकडेच ये, माझ्या लेथवर करू.